सव्वीस दिवस

माझी आई कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहायची. दीड लिटर, एक लिटर, खाडा. महिना संपला की बेरीज आणि गवळ्याचे पैसे. न्यू जर्सीतल्या माझ्या स्वयंपाकघरातही भिंतीवर कालनिर्णयच असायचं, त्यातला हिशेब मात्र वेगळा होता. दर महिन्याच्या मध्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं 'व्हिसा बुलेटिन' नावाचं पत्रक काढतं. आडव्या ओळींत वर्ग, उभ्या रकान्यांत देश, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे एक तारीख. आपली तारीख तिच्या आधीची असेल तर ग्रीन कार्डासाठी, म्हणजे अमेरिकेत कायम राहायच्या परवान्यासाठी, आपला नंबर लागला. नसेल तर पुढचा महिना. पत्रक आलं की मी भारताची तारीख त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवायचे. अशी अकरा वर्षं लिहिली.

आमची तारीख होती २७ मे २००९. त्या दिवशी नवऱ्याच्या कंपनीने कामगार खात्याकडे अर्ज दाखल केला होता: या जागेसाठी आम्ही रीतसर जाहिराती दिल्या, लायक आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळाला नाही, तेव्हा हा माणूस आम्हाला कायमचा हवा आहे. तो अर्ज पोचल्याचा दिवस म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट. इथल्या बोलण्यात नुसतीच 'डेट'. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाची ताटली हातात घेऊन दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला ती येतेच. "तुमची डेट काय?" "ईबी-टू की थ्री?" म्हणजे नोकरीच्या रांगेतला दुसरा वर्ग की तिसरा. समोरच्याची डेट आपल्या आधीची निघाली की पोटात बारीक कळ येते. नंतरची निघाली की त्याच्याकडे नीट बघवत नाही.

बाबा फोनवर विचारायचे, "एवढी वर्षं कशी लागतात गं? अर्जात काही चूक राहिलीय का?" त्यांना सरकारी कचेरीची रांग माहीत होती. साहेब भेटला की काम होतं, न झालं तर कागद अपुरा आहे. आमचा कागद पुरा होता. मी त्यांना दर वेळी पहिल्यापासून सांगायचे. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं, असा १९९० चा कायदा. त्यांत बायकामुलंही मोजली जातात. आमच्या वर्गाच्या वाट्याला त्यातली साधारण ४०,०००. आणि एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, म्हणजे भारताला त्या वर्गात वर्षाकाठी २,८०० च्या आसपास. आइसलँडची सगळी लोकसंख्या कोल्हापूर शहराहून कमी, पण कमाल मर्यादा त्यालाही तीच सात टक्के आणि आपल्यालाही तीच. इतर देशांनी न वापरलेली कार्डं कधी कधी सगळ्यात जुन्या रांगेकडे वळतात, म्हणून तारीख एकदम पळते. मग अर्जांचा लोंढा येतो आणि ती तितकीच मागे जाते.

"आणि बाबा, यात नागरिकत्व बघत नाहीत, जन्मस्थान बघतात," मी सांगायचे. उद्या आम्ही कॅनडाचे नागरिक झालो असतो तरी रांग भारताचीच. हे ऐकून ते गप्प व्हायचे. मीही व्हायचे. मी कोल्हापुरात जन्मले, माझी मुलगी २००५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरातच जन्मली, आणि मुलगा २०१० साली इथे एडिसनला. एका डब्यातल्या पोळ्या नेणारी दोन भावंडं. त्याला इथल्या मातीवर जन्मल्यामुळे पहिल्याच दिवशी जे मिळालं, त्यासाठी ती चार वर्षांची असल्यापासून आमच्या फाइलीच्या मागच्या पानांवर उभी होती.

२००७ च्या मेमध्ये तिला कडेवर घेऊन मी नेवार्कला उतरले. कोल्हापुरात मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. इथे माझ्या पासपोर्टवर एच-फोरचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा, शिक्का होता, आणि त्यावर तेव्हा काम करायची मुभा नव्हती. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आला की 'गृहिणी' लिहायचं. त्या शब्दात कमीपणा नाही, माझ्या आईने तो आयुष्यभर मानाने वागवला. पण तो मी निवडलेला नव्हता. पाच वर्षं मी पार्कातल्या झाडांची लॅटिन नावं मुलीला सांगत फिरले. मेपल म्हणजे एसर, ओक म्हणजे क्वेर्कस. तिला ती 'चिऊ-काऊ'सारखी पाठ झाली.

आले त्याच उन्हाळ्यात पहिल्यांदा या रांगेची ताकद बघितली. त्या जुलैच्या पत्रकात नोकरीच्या जवळजवळ सगळ्या तारखा अचानक खुल्या झाल्या होत्या. लोकांनी रजा काढल्या, डॉक्टरांकडे तपासण्या केल्या, गावाकडून जन्माचे दाखले मागवले. आणि २ जुलैला सरकारने सांगितलं, कार्डं संपली, अर्ज घेणार नाही. आमच्या इमारतीतल्या दोन घरांत त्या दिवशी चूल पेटली नसावी. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की आपण गांधीगिरी करू. भारतीयांनी देशभरातून इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुलांचे गुच्छ पाठवले, शेकड्यांनी. संचालकांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयांकडे वळवली, आणि १७ जुलैला खात्याने निर्णय मागे घेतला. आमची तेव्हा डेटही नव्हती. पण शेजारच्या वहिनींनी वर्गणी मागितली तेव्हा मीही पाच डॉलर दिले. या देशात मी केलेली ती पहिली सार्वजनिक गोष्ट, आणि तिचा मला आजही अभिमान आहे.

आमचा पहिला आनंद २०१२ मधला. हिवाळ्यात तारीख धावत सुटली, २०१० पर्यंत आली. आम्ही फेब्रुवारीत शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरला: बोटांचे ठसे, छातीचा एक्स-रे, लहानपणी टोचून झालेल्या लशी पुन्हा. मे महिन्यात तारीख २००७ वर गेली आणि ऑक्टोबरात २००४ वर. ग्रीन कार्ड राहिलं, पण अर्ज आत असल्यामुळे मला कामाचा परवाना मिळाला. एका कम्युनिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काचपट्ट्या तयार करायला लागले. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दिसल्या, आणि मला पुढचं काही दिसेना.

आता ते सव्वीस दिवस.

२०१४ च्या पावसाळ्यात, म्हणजे कोल्हापूरच्या पावसाळ्यात, तारीख पुन्हा सरकायला लागली. सप्टेंबरच्या पत्रकात ती १ मे २००९ वर आली. मी चौकटीत ती लिहिली आणि खाली वजाबाकी मांडली. सत्तावीस वजा एक. ऑक्टोबरला तीच तारीख राहिली. मी कपाटातून फाइल काढून टेबलावर ठेवली, नवऱ्याने पुढच्या महिन्यातलं कामाचं दूरचं जाणं रद्द केलं. नोव्हेंबरचं पत्रक आलं: १५ फेब्रुवारी २००५. चार वर्षांहून अधिक मागे. माझी लेक जन्मली त्या महिन्यापर्यंत.

ते सव्वीस दिवस कुठे गेले होते ते मला माहीत होतं. २००९ साली नवऱ्याच्या अर्जाला त्याच्या पुण्यातल्या जुन्या कंपनीचं अनुभवपत्र हवं होतं. ते यायला पाच आठवडे लागले. कुणीतरी रजेवर होतं, मग सहीचा अधिकार कुणाकडे यावर ते अडलं, मग लेटरहेड जुनं निघालं. त्यावेळी आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पाच आठवडे म्हणजे काय असतात! पत्र आलं म्हणून नवऱ्याने ऑफिसात पेढे वाटले होते.

मी त्या सव्वीस दिवसांना फार वर्षं माफ केलं नाही, आणि त्याचं कारण ग्रीन कार्ड हे नव्हतं. कारण लेक होती. इथला कायदा असा की ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. आणि आई किंवा वडील नागरिक झाले तेव्हा मूल अठराच्या आतलं असेल, इथेच त्यांच्याजवळ राहत असेल आणि त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल, तर तेही आपोआप नागरिक होतं. त्याला परीक्षा नाही, मुलाखत नाही, शपथ नाही. २००१ सालापासून तसं आहे. म्हणजे २०१४ ला कार्ड मिळालं असतं तर २०२० च्या सुमाराला आम्ही शपथ घेतली असती. ती तेव्हा पंधरा वर्षांची असती, आणि शाळेत गणिताच्या तासाला बसल्या बसल्या या देशाची झाली असती. मी हे गणित रात्री झोपताना इतक्या वेळा केलंय की आता त्यातले आकडे मला माणसांसारखे वाटतात.

आणि तरी आम्ही सुखात होतो. आमच्या तीन घरं पलीकडे एक नागपूरचं कुटुंब आहे. त्यांचा मुलगा सातव्या वर्षी आला. आमच्या मराठी शाळेत तो माझ्या मुलीला बाराखडी शिकवायचा. त्याच्या वडिलांची डेट २०१५ च्या शेवटाची, शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरायची वेळच आलेली नाही. मूल एकवीस वर्षांचं झालं की ते कायद्याच्या लेखी मूल राहत नाही, वडिलांच्या व्हिसातून बाहेर पडतं. त्याचा एकविसावा वाढदिवस २०२२ मध्ये झाला. त्या दिवशी केक आला, फुगे आले, आणि त्याच महिन्यात त्याला परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा लागला, ज्या गावात तो दुसरीपासून शिकला त्या गावात. आता नोकरी लागली तर एच-वनची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, सोडत, लॉटरी, लागली तर लागली. आणि पुढे कधी स्वतःची डेट मिळाली, तर पुन्हा रांगेच्या शेवटी. अशी हजारो मुलं इथे आहेत. या प्रश्नावर इथल्या संसदेत विधेयकं आली आणि पडून राहिली. मला राजकारणातलं फार कळत नाही, पण एवढं कळतं की रांगेत आईबापांना उभं केलं तर त्या रांगेत मूल किती उंच वाढतंय हे मोजायला हवं. कुठलीही चांगली शाळा, कुठलंही चांगलं इस्पितळ ते मोजतं.

आमची तारीख आली ती २०२० च्या मे महिन्यात. त्याआधीच्या हिवाळ्यात ती महिन्याला एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस अशी सरकत होती. आजारी माणूस चमच्याने पेज घेतो तशी. तेव्हा सगळं जग दारं लावून बसलं होतं, इमिग्रेशनच्या कचेऱ्याही बंद होत्या. ऑगस्टमध्ये पोस्टमनने तीन पाकिटं टाकली. मी ती आधी सॅनिटायझरने पुसली, दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवली. अकरा वर्षं थांबलेले, आणखी दोन दिवस थांबलो.

त्या कार्डाची किंमत मला पुढच्या वर्षी कळली. २०२१ च्या मे महिन्यात कागल तालुक्यातल्या गावी सासरे गेले. नेमकं त्याच आठवड्यात अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना बंदी घातली होती. त्यातून सूट होती ती मुख्यतः नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. नवरा गेला, अंत्यविधी हुकला पण बाराव्याला पोचला, सासूबाईंजवळ सतरा दिवस राहिला आणि परत आला. त्याच महिन्यात त्याच्या एच-वनवरच्या मित्राने आपल्या आईचे शेवटचे विधी फोनच्या पडद्यावर पाहिले. त्याची डेट आमच्याहून तीन वर्षांनी मागे होती. दोघांत फरक तेवढाच.

पाच वर्षं भरत आली तशी २०२५ च्या मेमध्ये मी नागरिकत्वाचा अर्ज उघडला. त्यात एक तक्ता आहे. गेल्या पाच वर्षांत तुम्ही चोवीस तासांहून जास्त देशाबाहेर होतात का? असाल तर गेल्याची तारीख, आल्याची तारीख, देश. निम्म्याहून अधिक काळ तुम्ही इथे होतात ना, हे त्यांना बघायचं असतं. मी जुने बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के आणि फोनमधले फोटो जमवून बसले. २०२२: सासूबाई, बावीस दिवस. २०२३: भाचीचं लग्न, सोळा दिवस. २०२४: आईचा गुडघा, एकतीस दिवस. कशासाठी गेलात असं तो तक्ता विचारत नाही, त्याला तिथे जागाच नाही. तारखा भरता भरता मला एकेक दुपार आठवत गेली. आईला वॉकर धरून न्हाणीपर्यंत नेताना तिने माझ्या दंडाला घट्ट धरलं होतं, त्याचं ओझं आठवलं. पाच वर्षांतले आईजवळचे सगळे दिवस मिळून शंभरही भरले नाहीत. सरकारच्या दृष्टीने हा चांगला आकडा होता.

मुलाखत ऑगस्टमध्ये नेवार्कला झाली. तेव्हा शंभर प्रश्नांचा अभ्यास करायचा, त्यातले दहा विचारणार, सहा आले की पास, असं होतं. अधिकारी बाई शांत होत्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलायच्या. त्यांनी विचारलं, जनता स्वतःवर स्वतः राज्य करते ही कल्पना राज्यघटनेच्या पहिल्या तीन शब्दांत आहे, ते शब्द कोणते? "वी द पीपल," मी म्हणाले. पण त्याआधी अर्धा क्षण माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच पान आलं होतं. बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीला असायचं ते: आम्ही, भारताचे लोक. पहिलीपासून दहावीपर्यंत ते पान मी उलटलं, नवीन पुस्तकाचा वास घेत, न वाचता. त्या खुर्चीत बसून मला ते वाक्य पहिल्यांदा नीट वाचता आलं. दोन्हीकडे 'आम्ही' आहे, आणि त्या 'आम्ही'त कोण, हाच सगळा प्रश्न आहे.

त्या शंभर प्रश्नांत जे नव्हतं ते मी तयारीच्या दिवसांत शोधून वाचलं. १७९० पासून इथला नागरिकत्वाचा कायदा 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'साठी होता. १८७० नंतर त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले, आपण नाही. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी बसत नाही. त्यानंतर सरकारने ज्यांना आधीच नागरिकत्व दिलं होतं अशा हिंदुस्थानींचंही ते काढून घ्यायला सुरुवात केली. वैष्णो दास बगाई त्यातले एक. घरदार विकून, बायकामुलांसकट आलेले. ना इथले ना तिथले होऊन, १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवलं.

आणि सखाराम गणेश पंडित. थिंद यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील. ते स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते, आता सरकार त्यांच्याही मागे लागलं. त्यांनी न्यायालयात मांडलं की तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून मी इथे वकिली केली, घर केलं, संसार केला. तो शब्द आता फिरवलात तर माझा व्यवसाय जाईल, मला कुठलाच देश उरणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला, आणि बाकीच्यांवरचे खटलेही सरकारला सोडून द्यावे लागले. हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचं दार कायद्याने उघडलं ते १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यावर. देशादेशांत भेद करणारे ते कोटे मोडले ते १९६५ मध्ये. मी ज्या रांगेला कंटाळले होते ती रांग उभी राहण्यासाठी या माणसांनी काय काय दिलं होतं! मला पंडितांचं नाव कुणी शाळेत सांगितलं नाही, इथल्या अभ्यासातही नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

शपथ सप्टेंबरमध्ये झाली. दारातच ग्रीन कार्ड परत घेतलं. ज्याच्यासाठी अकरा वर्षं थांबलो ते एका प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये इतर कार्डांबरोबर पडलं. एकेका देशाचं नाव पुकारलं तशी माणसं उभी राहत गेली. 'इंडिया' म्हटल्यावर आम्ही उभे राहिलो, आणि माझ्या मागच्या रांगेतल्या लुगडं नेसलेल्या एक आजी मुलाचा हात धरून उठल्या. मग सगळ्यांनी उजवे हात वर केले. आजवर ज्या कुठल्या परक्या राजाची, सत्तेची, राज्याची मी प्रजा किंवा नागरिक होते, तिच्यावरची सगळी निष्ठा मी पूर्णपणे आणि सर्वस्वी सोडते, असं ते वाक्य आहे. 'परक्या' या शब्दाशी माझा आवाज बसला. नवऱ्याने बोलून पुरं केलं, मी ओठ हलवले. ते खोटं होतं असं मला वाटत नाही. मी ते मनापासून घेतलं, या देशाला माझा शब्द दिला. जड होता म्हणून हळू निघाला, इतकंच.

रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "मग आता तिकडचीच झालीस म्हण की." मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "असू दे गं. रेशनकार्डावरनं तुझं नाव लग्नातच काढलंय की. त्यानं काय झालं? दिवाळीला फराळ करताना तुझा वाटा काढतेच की मी."

चार नोव्हेंबरला न्यू जर्सीच्या गव्हर्नरची निवडणूक होती. मी शेवटचं मत दिलं होतं ते २००४ साली, कोल्हापुरात, महापालिकेच्या शाळेतल्या बाकांमधून रांग लावून. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना २०११ पासून मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला आपल्या केंद्रावरच जावं लागतं, ते कधी जमलं नाही. म्हणजे एकवीस वर्षं मी दोन्ही देशांना कुठे ना कुठे कर भरला आणि कुठेही मत दिलं नाही. माणूस मत देत नसला की हळूहळू मत बनवायचंही सोडून देतो, हे माझ्या बाबतीत झालं होतं. त्या दिवशी सकाळी सातला मी मतदान केंद्रावर होते. नवरा म्हणाला, इतक्या लवकर कशाला. मी म्हटलं, रांग नसेल तर बघायचंय कसं वाटतं.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. १९५५ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाची शपथ घेतली त्या क्षणी आमचं भारतीय नागरिकत्व संपलं. पासपोर्ट जमा केले, ते 'रद्द' असा शिक्का घेऊन परत आले. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड येईल, त्यावर कधीही जाता येईल, राहता येईल. मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. सासऱ्यांच्या उसाच्या रानाला वारसाने नाव लागलंय, ते राहील. नवा निळा पासपोर्ट आला तेव्हा मी पहिलं पान उघडलं. माझ्या जुन्या पासपोर्टवर जन्मस्थानापुढे कोल्हापूर, महाराष्ट्र असं होतं. नव्यावर त्या जागी एकच शब्द आहे: इंडिया. इथे परदेशात जन्मलेल्यांचा नुसता देश लिहितात, गाव नाही. ज्या जन्मस्थानामुळे मला इतकी वर्षं थांबवलं, ते थांबणं संपल्यावर त्यातलं गाव गळून गेलं. मी बराच वेळ ते पान धरून बसले होते.

"आई, माझ्यात अजून आहे," लेक मागून म्हणाली. ती आपला पासपोर्ट घेऊन आली आणि माझ्याशेजारी उघडून ठेवला.

ती वीस वर्षांची आहे. तिची पाच वर्षंही आमच्याबरोबरच ऑगस्टमध्ये भरली. मेमध्ये मी तिला म्हटलं होतं, आमच्याबरोबरच भरून टाक. तिने भरला नाही. ऑक्टोबरच्या २० तारखेपासून अर्ज करणाऱ्यांना नवी परीक्षा आहे, १२८ प्रश्नांतले वीस विचारणार, बारा यायला हवेत. त्या तारखेच्या आधी भर म्हणून मी तिच्या मागे लागले, रागावले, एकदा रडलेही. सप्टेंबरात नव्या एच-वन अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावल्याची बातमी आली तेव्हा तर मी तिला रात्री अकराला वसतिगृहात फोन केला. "नियम रोज बदलतायत, तुला कळत नाही का?" तिला कळत होतं. शेवटी मी ते सव्वीस दिवस काढले. ते पत्र, ती नोव्हेंबरची चौकट, तू पंधराची असतीस तेव्हाच झालं असतं, काही करावंच लागलं नसतं.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आई, पण मग मला कुणी विचारलंच नसतं."

मला उत्तर सुचलं नाही.

"तुला विचारलं ना त्यांनी? बाबांना विचारलं. तू हात वर केलास, ते मोठं वाक्य म्हणालीस. तुझा आवाज बसला ते मला बाबांनी सांगितलं. मला ते वाक्य स्वतः म्हणायचंय. पण त्याआधी एकदा आजीकडे जाऊन येते, याच पासपोर्टवर. मग भरते."

गेली अकरा वर्षं जो वेळ तिच्याकडून हिरावला गेला असं मी धरून चालले होते, त्यात ती मोठी होत होती. ते माझ्या गणितात नव्हतं.

डिसेंबरमध्ये आम्ही चौघं निघालो. ओसीआय आलेलं नव्हतं, म्हणून नवरा आणि मी ई-व्हिसा काढला. फॉर्ममध्ये पूर्वीचं राष्ट्रीयत्व विचारलं होतं, भेटीचं कारण विचारलं होतं. मुंबईला पहाटे उतरलो. परदेशी प्रवाशांच्या खुणेपाशी आम्ही वळलो, मुलगाही आमच्याबरोबर थांबला. लेकीने पाठीवरची सॅक सारखी केली आणि भारतीय पासपोर्टच्या रांगेकडे गेली. मधल्या पट्ट्यांवरून मला तिची वेणी दिसत होती. तिच्या पुढे एक आखातातून आलेलं कुटुंब होतं, त्यांचं लहान बाळ रडत होतं, आणि ती त्याला हाताने काहीतरी करून हसवत होती.

आमच्या बोटांचे ठसे घेतले, फोटो काढले. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने मराठीत विचारलं, "कुठलं गाव?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आमचं इचलकरंजी." आणि शिक्का मारला.

आम्ही खाली उतरलो तेव्हा ती कधीच बाहेर पडली होती. सामानाच्या पट्ट्यापाशी उभी राहून आमच्या बॅगा एकेक करून उतरवत होती.